पिकावर दहा फुटांवर इंजिन गेलं तर

विचारणारा मुलगा अकोल्याकडचा. अमेरिकेत कमर्शियल लायसन्स घेऊन सध्या तो पूर्व अर्कान्सात फवारणीच्या एका धावपट्टीवर लोडरचं, म्हणजे विमानात औषध भरायचं, काम करतो. पुढच्या हंगामात त्याला एअर ट्रॅक्टर एटी-५०२बी हे फवारणीचं विमान उडवायला मिळणार आहे. त्याचा प्रश्न असा: "सर, फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवलं की इंजिन बंद पडलं तर आधी ग्लाइडचा (इंजिनाशिवाय तरंगत उतरण्याचा) वेग धरा, मग शेत निवडा, मग चेकलिस्ट काढा. पण फवारणीत आपण पिकावर दहा फुटांवर असतो. तिथे ग्लाइड कसला आणि चेकलिस्ट कसली? आधी हॉपर (औषधाची टाकी) रिकामा करायचा की आधी नाक वर घ्यायचं? घरचे सारखे विचारतात की यात माणूस वाचतो का. त्यांना काय सांगू?"

आधी लोड सोडायचा. डावा हात थ्रॉटलवरून सरळ डम्पच्या, म्हणजे हॉपर एका झटक्यात रिकामा करायच्या, लिव्हरवर गेला पाहिजे, आणि त्याच क्षणी उजव्या हाताने नाक सांभाळायचं. बाकीचं सगळं त्यानंतर. आणि घरच्यांना सांग, हो, वाचतो. पंख सरळ ठेवून, ताब्यातल्या विमानाने जमिनीला टेकलेली माणसं बहुतेक वेळा आपल्या पायांनी बाहेर येतात. विमान वळणात स्टॉल होऊन, म्हणजे पंखांनी हवेत उचलून धरणं बंद होऊन, पडलं तर मात्र वाचणं कठीण असतं. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते सगळं या एकाच गोष्टीसाठी आहे: जमिनीला टेकेपर्यंत विमान उडतं ठेवायचं.

दहा फूट म्हणजे काहीच नाही असं तुला वाटतं, कारण तू फक्त उंची मोजतो आहेस. तुझ्याकडे वेग आहे. फवारणीच्या फेरीत तू ताशी १४० मैलांच्या आसपास असतोस. तिथून ९० मैलांपर्यंत वेग खर्च करून वर चढायचं म्हटलं, तर कागदावरचं गणित ३८५ फुटांचं येतं. प्रत्यक्षात फिरणारा पंखा (प्रोपेलर), बूम (पंखांखालची फवारणीची नळी), नोझल, पंप हे सगळं हवेला अडवतं, त्यामुळे त्याच्या निम्मी उंची हातात येईल असं धरून चाल. दोनशे फुटांवरून खाली यायला साधारण दहा सेकंद मिळतात. दहा सेकंद पुष्कळ असतात, फक्त त्यातले पहिले तीन "हे काय झालं?" यात जायला नकोत. इंजिन गेल्यावर मन ते मान्यच करत नाही, हात थ्रॉटल पुढेमागे करत राहतो. याला उपाय एकच. प्रत्येक टेकऑफच्या आधी, धावपट्टीच्या टोकाला उभं असताना, डाव्या हाताने डम्पची लिव्हर एकदा शोधायची. न बघता. रोज, प्रत्येक लोडला.

आता डम्पबद्दल जरा सविस्तर, कारण खरी मेख तिथेच आहे.

५०२बीचा हॉपर ५०० गॅलनचा, म्हणजे सुमारे १,८९० लिटरचा. पाण्यासारखं द्रावण भरलं तर तेवढेच किलो. विमानाचं कमाल वजन ९,४०० पौंड, म्हणजे सुमारे ४,२६० किलो. म्हणजे जवळजवळ निम्मं विमान एका लिव्हरने खाली सोडता येतं, आणि तेही काही सेकंदांत. वजन कमी झालं की स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरतो. इथे तो जवळपास एक चतुर्थांशाने खाली येतो. म्हणजे तू जमिनीला कितीतरी कमी वेगाने टेकू शकतोस. शिवाय आपटताना जी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते ती वजन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराने ठरते, आणि ती मूळच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली येते. जे जमिनीवर सोडलं त्याची धडक तुझ्या अंगावर येत नाही.

आणखी एक बाब शाळेत कुणी सांगत नाही. वर किती चढता येईल हे वजनावर फारसं अवलंबून नसतं, ते वेगावर असतं. पण भरलेलं विमान आधीच, जास्त वेगाला स्टॉल होतं, म्हणून भरल्या विमानाला ती चढाई लवकर थांबवावी लागते. हॉपर रिकामा झाला की तोच वेग आणखी खाली नेता येतो. तू विचारलंस आधी डम्प की आधी नाक. उत्तर या हिशेबात आहे.

डम्पचा धोकाही समजून घे. एवढं वजन एकाएकी सुटलं की विमान नाक वर उचलतं. इंजिन नाही, वेग उतरतो आहे, आणि नाक आपोआप वर चाललं आहे, ही स्टॉलची सगळी तयारी झाली. म्हणून लिव्हर ओढताना उजवा हात स्टिक पुढे दाबायला तयार हवा. हे पहिल्यांदा खऱ्या संकटात अनुभवू नकोस. हॉपरमध्ये साधं पाणी भर, सुरक्षित उंचीवर जा, आणि मालकाला किंवा जुन्या पायलटला सांगून दोन-चारदा डम्प करून बघ. नाक किती जोरात उठतं, ट्रिम कुठे असला की जास्त उठतं, हे अंगात मुरलं पाहिजे. हा सराव न देता कुणी तुला भरलेलं विमान देत असेल, तर तू तो मागून घे. यात संकोच करू नकोस.

लिव्हर ओढायला माणसं का कचरतात हेही बोलायला हवं. हॉपरमधलं औषध हजारो डॉलरचं असतं, खाली शेजाऱ्याचं पीक असतं, मालक काय म्हणेल ही धास्ती असते. नव्या मुलांना ती सर्वांत जास्त. अमेरिकेच्या नियमांत दाट वस्तीवर फवारणी करणाऱ्या एक इंजिनी विमानाला कमाल लोडपैकी निम्मा ४५ सेकंदांत टाकता आला पाहिजे, असं आहे. न्यूझीलंडचा नियम याहून कितीतरी कडक. तिथे नेहमीच्या मर्यादेपलीकडे वजन घेऊन उडायचं असेल, तर हॉपरमधला ८० टक्के माल पाच सेकंदांत बाहेर पडायला हवा. डोंगरउतारावरच्या आखूड पट्ट्यांवरून खत घेऊन उडणाऱ्या लोकांचा हा नियम आहे, आणि तो अपघातांनी शिकवलेला आहे. नियम बनवणाऱ्यांनीच डम्प गृहीत धरला आहे, तेव्हा तू तो करण्याबद्दल कुणाची माफी मागायची गरज नाही. डम्प केलेल्या जागेची नोंद करायची, संबंधित खात्याला कळवायचं, माती साफ करायची. ते सगळं नंतर होतं.

दाणेदार खताचं मात्र वेगळं आहे. दमट हवेत युरिया किंवा सुपर फॉस्फेट हॉपरच्या तोंडाशी जमून कमान धरतं, आणि दार उघडलं तरी माल पडत नाही. म्हणून ओलसर खत भरून घेऊ नकोस, आणि कालचं उरलेलं खत रात्रभर हॉपरमध्ये ठेवू नकोस. लोडर म्हणून हे आजही तुझ्याच हातात आहे.

इंजिन सरळ फेरीत गेलं तर तू नशीबवान. वेग आहे, पंख सरळ आहेत, समोर शेत आहे. पुढे अर्धा मैल मोकळं असेल तर फार वर चढूच नकोस. डम्प कर, वेग आपोआप उतरू दे आणि त्याच शेतात बस. वर चढायचं ते समोर तारा, झाडं किंवा पाण्याचा कालवा असेल तरच.

खरी भीती टेकऑफ आणि वळण या दोन ठिकाणी आहे. टेकऑफला हॉपर भरलेला, वेग जेमतेम, उंची नाही. तिथे निर्णय धावपट्टीवर उभं असतानाच झालेला हवा: या टप्प्यापर्यंत चाकं जमिनीवरून सुटली नाहीत तर डम्प, आणि सुटल्यावर इंजिनने जरा जरी दगा दिला तर डम्प आणि सरळ पुढे. मागे वळून पट्टीवर यायचं नाही. पन्नास-शंभर फुटांवरून अशा वळणात पडलेली विमानं या धंद्यात सगळ्यांनी पाहिली आहेत.

फेरी संपवून तू वर खेचतोस, आधी एका बाजूला आणि मग उलट बाजूला वळून पुन्हा शेतात शिरतोस. या वळणाच्या माथ्यावर तू दोनशे फुटांवर, सर्वांत कमी वेगात आणि कललेला असतोस. ४५ अंशांच्या समतल वळणात स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. इंजिन तिथे गेलं तर पहिली हालचाल स्टिक पुढे, दुसरी पंख सरळ, आणि त्याच सुमारास डम्प. नाक जिकडे असेल तिकडेच्या अर्ध्या वर्तुळात जे काही असेल तेच तुझं शेत. पाठीमागचं शेत कितीही सुंदर असलं तरी ते तुझं नाही. हंगामाच्या शेवटी दमलेला माणूस वळणं घाईने आणि आवळून घेतो. तिथे इंजिन गेलं तर हातात काहीच उरत नाही. म्हणून वळण रुंद घे, दोन सेकंद जास्त लागू देत.

अर्धवट शक्ती हा सर्वांत फसवा प्रकार. इंजिन पूर्ण बंद पडलं तर निर्णय सोपा असतो. पण खडखडत, थोडं थोडं ओढत राहिलं की पट्टी गाठायचा मोह होतो. डम्प तरीही आधी. मग मोकळ्या शेतांवरूनच जायचं, जिथे कधीही बसता येईल. गाव, झाडी, पाण्याचे तलाव टाळून. रस्ता लांबला तरी चालेल.

कुठे बसायचं? तू शेतकऱ्याच्या घरचा आहेस, तुला हे लवकर कळेल. अर्कान्सात अमेरिकेचं जवळपास निम्मं धान पिकतं आणि स्टटगार्टच्या आसपासच्या बांध्या जून ते ऑगस्ट पाण्याने भरलेल्या असतात. वरून त्या गालिच्यासारख्या सपाट दिसतात, पण खाली चिखल असतो आणि मध्ये वाकडेतिकडे मातीचे बांध. आपली चाकं स्थिर, आत ओढता येत नाहीत. चिखलात ती रुतली की विमान नाकावर जाऊन उलटतं. धानात बसायची वेळ आलीच तर शक्य तितक्या कमी वेगाने, शेपूट खाली ठेवून, बांधांना समांतर. उलटणार हे गृहीत धर आणि पट्टे आवळून ठेव. सोयाबीन मला सगळ्यांत आवडतं. कमरेएवढं पीक विमानाला हळूहळू धरतं. माझ्या एका विमानाची शक्ती अचानक खाली आली तेव्हा मी सोयाबीनमध्येच बसलो होतो. बूम मोडला, लँडिंग गिअर वाकला, मी खरचटल्याशिवाय बाहेर आलो. पऱ्हाटीचंही चालतं, फक्त तासांच्या दिशेने बसायचं, आडवं नाही. सऱ्या आडव्या आल्या की चाकं तुटतात. मका उंच आणि दाट असतो. तिथे पिकाचा शेंडा म्हणजेच जमीन समजून त्याच्यावरच विमान हलके स्टॉल करायचं. शेंड्यांतून वेगात घुसलास तर एक पंख आधी अडकतो आणि विमान गरकन फिरतं.

जमिनीची निवड चुकली तरी चालते, वेग चुकून चालत नाही. ताशी ६० मैलांनी टेकून १५ मीटरमध्ये थांबलास तर सरासरी अडीच जीपेक्षा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अडीच पटीपेक्षा, कमी धक्का बसतो, तो खुर्ची आणि पट्टे आरामात सोसतात. तोच वेग तीन मीटरमध्ये, म्हणजे कालव्याच्या काठावर, संपला तर बारा जी. म्हणून खराब शेत चालेल, पण शेताच्या टोकाचा कालवा, रस्त्याचा भराव किंवा झाडाचा बुंधा नको. काही टाळता आलं नाहीच, तर दोन झाडांच्या मधून नेऊन पंख मोडू दे, केबिन वाचव.

तारांचं भान सुटू देऊ नकोस. फवारणीआधी शेताभोवती जो फेरा मारतोस, त्यात तारा बघतोसच. त्याच फेऱ्यात हेही ठरव की इंजिन गेलं तर कुठून कुठे. तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. खांबांवरून तारेचा रस्ता वाच. अखेरच्या क्षणी तार आडवी आली आणि तिच्यावरून जाण्याइतका वेग नसेल, तर नाक ओढून स्टॉल होण्यापेक्षा तिच्या खालून जाणं बरं. वाऱ्याची दिशा कळायला विमानातला धूर वापरतोच आपण. प्रत्येक शेतावर धूर सोडलास तर औषध कुठे वाहतं ते कळतं, आणि कोणत्या दिशेने उतरायचं तेही. समोरून ताशी दहा मैलांचा वारा मिळाला तर टेकण्याचा वेग दहा मैलांनी कमी होतो.

इंजिनांबद्दल थोडं. जुनी माणसं ज्यावर वाढली ते प्रॅट अँड व्हिटनीचं आर-१३४० रेडियल बहुधा आधी बोलायचं: थरथर, धूर, काचेवर तेल. तुझं पीटी-६ टर्बाइन फार विश्वासू आहे, पण गेलं तर बऱ्याचदा न सांगता जातं. त्याच्या इंधन नियंत्रकाला कॉम्प्रेसरची हवा एका बारीक नळीतून मिळते. ती नळी सैल झाली किंवा तडकली, तर नियंत्रकाला वाटतं शक्ती नको आहे आणि इंजिन आयडलला येऊन बसतं. बंद पडत नाही, पण ओढतही नाही. फवारणीच्या इंजिनाला धूळ, गंधक आणि क्षार रोज खायला मिळतात, आणि प्रत्येक लोड म्हणजे एक पूर्ण शक्तीचा टेकऑफ. म्हणून कॉम्प्रेसर धुणं, तेलात धातूचे कण दाखवणारा दिवा, गरम भागाची ठरल्या वेळची तपासणी यात टाळाटाळ झालेली दिसली तर त्या विमानात बसू नकोस. पीटी-६ मध्ये पंखा फेदर केला, म्हणजे त्याची पाती हवेला कड दाखवतील अशी फिरवली, की ग्लाइड बराच लांबतो, पण तो डम्पनंतरचा आणि उंची असेल तरचा विषय. पुढे कधी गॅरेटच्या टीपीई-३३१ वर बसलास तर तिथे फेदरचं महत्त्व फार मोठं आहे, कारण त्यात पंखा आणि सगळं इंजिन एकाच शाफ्टला जोडलेलं असतं आणि न फेदर केलेला पंखा विमानाला जबर मागे ओढतो.

आणि इंधन. सांगताना वाईट वाटतं, पण इंजिन "गेल्याच्या" बऱ्याच कहाण्या रिकाम्या टाकीच्या किंवा पाणी शिरलेल्या इंधनाच्या असतात. आणखी एक लोड बसतो म्हणून इंधन कमी घ्यायचं आणि मग घसरत्या वळणात उरलंसुरलं इंधन टाकीच्या एका कडेला सरकायचं. दर लोडला नजरेने आणि घड्याळाने, दोन्हींनी इंधन मोज.

घरच्यांच्या काळजीवर आणखी एक उत्तर आहे, ते विमानाच्या बांधणीत आहे. १९५० साली टेक्सास ए अँड एम कॉलेजमध्ये फ्रेड विक यांनी एजी-१ नावाचं विमान खास या कामासाठी आखलं. इंजिन पुढे, मग हॉपर, आणि त्याच्या मागे, उंचावर, मजबूत पिंजऱ्यात पायलट. धडक झाली की आधी पुढचा सगळा भाग चेपतो. त्याआधी जुन्या लष्करी बायप्लेनमध्ये हॉपर घालून लोक उडत, आणि ती विमानं धडकेत पायलटला वाचवायचा विचार करून बांधलेली नव्हती. आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या बसंतचीही गोष्ट तशीच आहे. पहिल्या आराखड्यात पायलट पुढे, जवळपास इंजिनावर बसलेला होता. तो सोडून देऊन मांडणी बदलली, आणि मार्च १९७२ मध्ये उडालेल्या बसंतमध्ये पायलट हॉपरच्या मागे, उंचावर गेला. पण पिंजरा तुला तेव्हाच वाचवतो जेव्हा तू त्याला घट्ट बांधलेला असतोस. पाचही पट्टे, खांद्याचे आवळून. हेल्मेट प्रत्येक फेरीला, उकाडा कितीही असला तरी. हातमोजे आणि आग न धरणारे कपडे.

थांबल्यावर इंधन बंद, बॅटरी बंद, आणि बाहेर. उलटा लटकलेला असशील तर एक हात छताला टेकवून, मान आत घेऊन मगच बकल सोड, नाहीतर डोक्यावर पडशील आणि मानेला इजा होईल. दार उघडत नसेल तर दुसऱ्या बाजूचं, नाहीतर काच. बाहेर आलास की वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब जा. मग लगेच कपडे काढून अंग भरपूर पाण्याने धू, धानाच्या बांधीचं पाणी असलं तरी चालेल. आपटून बचावलेला माणूस अंगावर सांडलेल्या औषधाने आजारी पडू शकतो, ऑरगॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक असेल तर फार लवकर.

यातला शेवटचा भाग आत्ता तुझ्या अखत्यारीत आहे, कारण तू लोडर आहेस. प्रत्येक लोडला हॉपरमध्ये काय, किती गेलं ते पाटीवर लिही आणि त्या औषधाच्या लेबलची प्रत ट्रकमध्ये हाताशी ठेव. पायलट कोणत्या शेतावर गेला आहे आणि किती मिनिटांत परत यायला हवा हे तुला माहीत असलं पाहिजे. तो वेळेवर आला नाही, रेडिओवर बोलला नाही, तर कुणाची वाट न पाहता ९११ ला फोन कर, शेताचा पत्ता सांग आणि औषधाचं नाव पहिल्या वाक्यात सांग. रुग्णवाहिकेतल्या लोकांना ते नाव कळलं तर ते स्वतःचे हातमोजे घालून येतात आणि दवाखाना ॲट्रोपिन हा अशा विषबाधेवरचा उतारा तयार ठेवतो.